पुणेकरणीनं चहा विचारला

बसल्या जागी माझा पाय हलतो. लहानपणी आई गुडघ्यावर हात दाबून धरायची, पाय हलवू नये, लक्ष्मी जाते म्हणायची. लक्ष्मी गेली की राहिली ते ठाऊक नाही, पाय मात्र थांबला नाही. जिभेचंही तसंच. ती हलायची थांबत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानं कुणाचं काय होऊ शकतं, हे मला मिशिगनमध्ये कळलं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. युनिव्हर्सिटीच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी विटांच्या बुटक्या इमारती होत्या, त्यातल्या एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघी राहायचो. मी पुण्याची, ती नागपूरची. मी स्टॅटिस्टिक्सला होते, ती बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती आणि तिचं जेमतेम वर्षभराचं काम उरलं होतं. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली मुलगी. शेजारपाजारचे आत्तापासूनच तिच्या आईला 'डॉक्टरीणबाईची आई' म्हणायला लागले होते, असं पत्रात यायचं. ती ते वाचून हसायची आणि लगेच लॅबला पळायची.

आमचं जमायचं छान, पण एका गोष्टीवरून ती मला छळायची. म्हणायची, तुम्ही पुण्याचे लोक पाहुण्याला दारातच विचारता, चहा घेऊनच आला असाल ना? तो बिचारा 'हो' म्हणेपर्यंत दार लावूनही टाकता. आमच्याकडे कसं, पोस्टमनसुद्धा पाणी प्यायल्याशिवाय जात नाही. गमतीनं म्हणायची, पण मला झोंबायचं. झोंबायचं, कारण माझ्या सख्ख्या काकूनं एकदा अगदी असंच केलं होतं आणि मूर्खासारखं ते मीच तिला सांगून बसले होते.

आमच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली एक पिवळा कागद होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या बाईंनी तो सगळ्यांना वाटला होता. काही वर्षांपूर्वी तेहरानमध्ये अमेरिकन लोकांना ओलीस धरलं, तेव्हा इथल्या इराणी मुलांना रांगा लावून कागदपत्रं दाखवावी लागली होती, तेव्हापासून त्या बाई सावध झाल्या होत्या. कागदावर तीनच गोष्टी होत्या. इमिग्रेशनचे लोक आले तर न्यायाधीशाची सही असलेला कागद असल्याशिवाय त्यांना घरात घ्यायची सक्ती नाही. त्यांच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि काही बोलण्याआधी मला फोन करा. मी तो वाचून चिडले होते. आपण काय चोर आहोत, म्हटलं, तोंड शिवून बसायला? आमच्या घरात शिकवण उलटी. बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तिनं मात्र तो कागद दोनदा वाचला. का, ते मला माहीत होतं.

आदल्या सेमिस्टरला तिला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे, अंगात त्राण नाही. तिनं दोन कोर्सेस ड्रॉप केले. विद्यार्थी व्हिसावर पूर्ण वेळ शिकावंच लागतं, आजारपणासाठी सूट मिळते, पण आधी ऑफिसला सांगून. तिनं सांगितलं नाही. घरी कळेल, आई हाय खाईल, पुढच्या सेमिस्टरला भरून काढू, असं म्हणत राहिली. फक्त मला सांगितलं आणि वर म्हणाली, कुणाजवळ बोलू नको. मी देवाशपथ म्हटलं.

फेब्रुवारीतली सकाळ होती, नऊ वाजले असतील. ती आंघोळीला गेली होती. मी मिडटर्मच्या धास्तीनं खोलीत येरझाऱ्या घालत होते. बेल वाजली. दारात साध्या कोटातले दोन पुरुष उभे होते, बुटांना बर्फ. त्यांनी इमिग्रेशनची ओळखपत्रं दाखवली आणि एका माणसाचं नाव विचारलं. ते नाव मला ठाऊक होतं, कारण त्याची पत्रं अजून आमच्या पेटीत यायची. आमच्या आधी तिथे राहून गेलेला कुणीतरी. 'तो इथे राहत नाही' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द, आणि दार बंद. जन्मात एकदाच पुणेकरासारखं वागायची गरज होती हो!

पण बाहेर कडाक्याची थंडी, त्यातला एक म्हातारा, नाक लाल झालेलं. आणि बाथरूममध्ये ती नागपूरकरीण, सगळं ऐकणारी. झक मारली आणि म्हटलं, "आत या ना, चहा घ्या."

ते आले. का नाही येणार? मी चहाचं आधण ठेवलं, साखर किती विचारलं, म्हातारा दोन चमचे म्हणाला आणि त्यानं आलं घातलेल्या चहाचं कौतुकही केलं. तो पिवळा कागद माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. मग त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, तुम्ही दोघीही विद्यार्थिनी का? तेवढ्यात ती केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. मला वाटलं, ही अशी गप्प उभी राहिली तर त्यांना संशय येईल. म्हणून मी बोलले. फार हुशार हो, फार अभ्यासू, गेल्या सेमिस्टरला आजारी पडली बिचारी, दोन कोर्सेस सोडावे लागले, नाहीतर आत्तापर्यंत थीसिस लिहायलाही बसली असती.

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला आणि वही काढली. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मी काय केलं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुपारी आम्ही ऑफिसातल्या बाईंसमोर बसलो होतो. बाई भल्या होत्या, ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वकिलाला दोन गोष्टी लागतील. ते लोक आपणहून आत घुसले की त्यांना कुणी बोलावलं? आणि कोर्सेसबद्दल ते त्यांना कुणाकडून कळलं?

मला माझ्या कागदांची भीती वाटली. बस्स, एवढंच. माझा व्हिसा, माझी डिग्री, घरी आलेल्या माणसांना माहिती पुरवणारी बाई म्हणून कुठेतरी माझं नाव लिहिलं जाईल, असलं काहीतरी डोक्यात घुसलं. पाय थडथड उडत होता. तोंड मात्र बंद. जन्मात पहिल्यांदा मी न बोलण्याचा हक्क वापरला.

जरा वेळानं ती म्हणाली, "मीच बोलावलं. मीच सांगितलं."

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढचे दोन महिने मी घरात बसू शकले नाही. लायब्ररीत जायचे, उठायचे, बर्फातून चालत सुटायचे, परत यायचे. रोज ठरवायचे, आज बाईंकडे जाऊन खरं सांगते. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि नोटीस बोर्ड वाचून मागे फिरायचे. कावीळ खरी होती म्हणून डॉक्टरांनी पत्र दिलं, गाइडनं दिलं, तिचा व्हिसा टिकावा म्हणून बाईंनी अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. तिनं स्वतःच कबूल केल्याचं कागदावर होतं. ते नसतं तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत तेव्हाही झाली नाही. मे महिन्यात ती दोन बॅगा घेऊन परत गेली. पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

तीन वर्षांनी मी नोकरी लागल्यावर सुट्टीला भारतात आले आणि नागपूरला गेले. ती एका शाळेत विज्ञान शिकवत होती. भर दुपारी त्यांचं दार सताड उघडं होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, पाऊल उचलेना. आतून तीच म्हणाली, अगं, दारात काय उभी, ये की. मी आत गेले, बसले, आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. चहा विचारला ते, बोलले ते, रोज बाईंच्या दारातून परत फिरले ते. माफ कर म्हटलं.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"आत या म्हणालीस त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "माझ्या आईनंही तेच म्हटलं असतं. बोललीस त्याचंही नाही, तुझा स्वभावच तो. पण बाईंनी विचारलं ना, तेव्हा मी तुझ्यासाठी थांबली होती. तू बोलशील म्हणून. तेव्हाच गप काहून बसलीस?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्या आईनं विचारलं, अमेरिकेत राहून चहात साखर घेतेस ना गं, की सोडलीस?

"घेते काकू," मी म्हटलं. "दोन चमचे."

तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी देऊ शकले.