मॅनेजर साहेबांचा एक पूर्ण दिवस

भंडारा जिल्ह्यात आमच्या मॅनेजर साहेबांना कधीच न भेटलेला माणूस शोधायचा असेल, तर लाखनीजवळच्या आमच्या धान खरेदी केंद्रावरच यावं लागेल. बाकी सगळीकडे साहेब भेटलेले असत. साक्षगंध, बारसं, तेरवी, कोणाच्या बोअरला पाणी लागलं, कोणाची म्हैस व्याली, साहेब तिथे हजर. बी.ए. करता करता मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या नोंदी केल्या. सुरुवातीला मला वाटे, माझ्याच येण्याच्या वेळा चुकत असाव्यात.

केंद्र ते फोनवरून चालवत. "पाच मिनटात पोचून राहिलो, तू सुरू ठेव," एवढं बोलून फोन ठेवत. ही पाच मिनिटं म्हणजे वेळ नसून शुभेच्छा आहे, हे कळायला मला एक हंगाम लागला. फोनमागच्या आवाजावरून ते कुठे आहेत हे मात्र लवकर ओळखता येऊ लागलं. ट्रकचे हॉर्न म्हणजे शहापूरची चहाटपरी, बँड म्हणजे लग्न, आणि सगळं शांत असलं की तेरवी. मग आपणही हळू बोलायचं. धानात ओलावा जास्त निघून माल अडला की शेतकरी विचारत, "साहेब कोठी हायेत?" मी खरं तेच सांगे, "पंगतीत आहेत." कोणी रागावत नसे. पंगत बहुतेक त्यांच्याच नात्यातली असे. "जेवू द्या मंग," म्हणत ते धान पुन्हा उन्हात पसरत.

माझी अडचण तिसऱ्या वर्षी झाली. शेवटचा पेपर शुक्रवारी भंडाऱ्याला, आणि त्याच आठवड्यात केंद्रावर ट्रॅक्टरची रांग. रजेच्या अर्जावर साहेबांची सही हवी होती. तसाच निघून जा, असं कोणी सुचवलं असतं तर गेलोही असतो, पण सुचवणार कोण? आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. पेपर बुडाला तर वर्ष जातं एवढं आईला माहीत होतं. रजा कशी मागतात हे कोणालाच नाही. धीर करून फोनवर म्हणालो, "साहेब, एक अर्ज होता." ते म्हणाले, "ठेव टेबलावर." सोमवारपासून मी अर्ज टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसलो होतो. बुधवारी घरी सांगून टाकलं, पेपर पुढच्या वर्षी देईन.

गुरुवारी आई आंधळगावला बारशाला गेली, आणि तिथे पहिल्याच पंगतीत साहेब. चार दिवस मी ज्यांची ऑफिसात वाट पाहत होतो, ते आईला वरण वाढताना समोर जेवायला बसलेले सापडले. ती म्हणाली, "माया पोट्ट्याले उद्या सुट्टी द्या जी, त्याचा आखरीचा पेपर हाये." साहेबांचा फोन तिथूनच आला. "काहून रे, तोंड नाही का तुले? उद्या केंद्रावर दिसला तर पाहून घेईन!"

शुक्रवारी सकाळी नऊला साहेब केंद्रावर पोचले. दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या चौकीदाराने त्यांच्याकडे रांगेचं टोकन मागितलं. मग दिवसभर ते माझ्या खुर्चीत बसून एका बोटाने नोंदी करत राहिले. बातमी पसरली तशी धान नसलेली माणसंही पाहून गेली. संध्याकाळपर्यंत अकरा नोंदी झाल्या. त्या अकराही मी शनिवारी दुरुस्त केल्या. शनिवारी साहेब आले नाहीत.

मी पास झालो तोवर ते निवृत्त झाले होते. पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो, बाहेरून हाक मारली, तर लगेच बाहेर आले. गुडघ्यामुळे गाडी चालवणं बंद झालं होतं. त्यांनी मार्क विचारले, आईची विचारपूस केली. मी निघालो तसे म्हणाले, "बस ना गा. कायले घाई करून राहिला?" मी बसलो. साहेब पहिल्या हाकेला भेटण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही.