विहीर समितीतल्या मैनावहिनी

आमच्या गावात बायका मैलभरावरून पाणी आणत. त्यामुळे नव्या विहिरीची जागा पुरुषांनी ठरवणे ओघानेच आले. १९८४ साली समितीवर एक बाई घेण्याचा रत्नागिरीहून आदेश आला, म्हणून मैनावहिनी रेवाळेंना घेतले आणि चहाची जबाबदारी सोपवली. सरपंच अण्णांनी सुचवलेली जागा त्यांच्याच कलमांच्या बागेला लागून होती, हा योगायोग.

"अण्णा, तिथं चैतात ठणठणाट असतो. पऱ्याच्या कडेला खणा," मैनावहिनी ओढ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"वैनी, चहा उकळला काय बघा."

पण गावचे बाप्ये मुंबईला. खणायला बायकाच होत्या. त्यांनी सोमवारी पऱ्याच्या कडेलाच कुदळ मारली आणि महिन्याभरात पाणी लागले.

समितीचा चिटणीस म्हणून मी अहवालात अण्णांची दूरदृष्टी नोंदवली आणि विहिरीवर जाऊन वहिनींना वाचून दाखवली.

"लिवा कायपण," त्या म्हणाल्या. "आधी हंडा उचलायला हात लावा."