आमच्यात वाद नाही, फक्त अबोला

आमच्या घरात भांडणं होत नाहीत, असं मी पाहुण्यांना सांगितलं आणि त्यानंतर लगेच भांडणाची वेळ आली.

मी मिरजगावात हायस्कुलात मराठी शिकवतो. समानार्थी दिसणारे दोन शब्द कधीच सारखे नसतात, हे मी पोरांना दर वर्षी समजावतो (पोरं दर वर्षी विसरतात). त्यामुळे माझी चुलत बहीण सारिका हिच्यासाठी पारनेरहून पाहुणे येणार म्हटल्यावर बोलायची जबाबदारी मी आपणहून घेतली. सारिका आणि मुलगा नगरला एकाच कंपनीत कामाला. त्यांची पसंती कधीच झाली होती, आता फक्त मोठ्यांनी बिघडवायचं बाकी होतं.

"दादा, तू कमी बोल," सारिका म्हणाली.

"तू निश्चिंत राहा," मी म्हणालो.

अडचण एकच. सारिकाचे वडील आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील अण्णा, एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची घरं एकाच अंगणात. मोटरसायकल चोरीला जाऊ नये म्हणून अण्णांनी अंगणात कॅमेरा बसवला. त्यात आबांचा ओटा दिसायचा आणि त्या ओट्यावर आबा रोज सकाळी बनियनवर दाढी करायचे. एकदा अण्णा नगरला गेले होते. तिथून त्यांनी मोबाईलमध्ये पाहिलं आणि आबांना फोन लावला, "आबा, डावा गाल राहिला."

तेव्हापासून अबोला.

पाहुणे आले. जय भीम झाला, पोहे आले. आबा आणि अण्णा शेजारीशेजारी बसले होते, तरी अण्णा माझ्या बायकोला म्हणाले, "त्यांना विचार, चहा घेनार का."

मुलाचे वडील, भगवानराव, जुनं माणूस. त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी हळूच मला विचारलं, "सर, भावाभावांत काही वाद हाय का?"

"वाद अजिबात नाही," मी ठामपणे म्हणालो. "वादाला दोघांनी बोलावं लागतं. हे बोलतच नाहीत."

भगवानरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मग तंटा?"

"तंटा म्हणजे पोलीस पाटील आले, गावची तंटामुक्ती समिती आली. तिथवर गेलंच नाही. समितीचे अध्यक्ष येऊन गेले, पण चहाला."

"मारामारी?"

"छे. मारामारीत दोघं मारतात. आबांनी एकट्यांनी काठी मारली, तीही कॅमेऱ्याला."

भगवानरावांच्या बायकोनं पदर सावरला आणि आपल्या चपला कुठं आहेत ते पाहून घेतलं. सारिका आतल्या दारातून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. (मला वाटलं, कौतुकानं.) मला चांगलाच सूर सापडला होता.

"फार तर हमरीतुमरी म्हणा," मी समारोप केला. "आणि थोडी शिवीगाळ. पण घरगुती."

"शिवीगाळ कोनी केली रं?" आबा उठून उभे राहिले.

"आबा, तुम्ही अण्णांना बैल म्हणालात ना."

"ती शिवी हाय व्हय? धाकटा भाऊ हाय माझा. लहानपनापासनं बैलच म्हनतो मी त्याला."

"म्हनतो खरा," अण्णांनी मान डोलवली. मग ते सरळ भावाकडे वळले. "आबा, ह्याला मास्तर कोनी केला?"

"तूच की. मी म्हनलो हुतो, ह्याला टेम्पो घिऊन दे."

"चुकलंच माझं."

कित्येक महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलले होते. आणि आता ते थांबेनात. मी चौथीत सत्कार समारंभात पाहुण्यांना श्रद्धांजली वाहिली होती, ती गोष्ट आबांनी सांगितली. माझ्या लग्नात मी स्वतःच सूत्रसंचालन करायला उठलो होतो, ती अण्णांनी सांगितली. एकाचं राहिलं की दुसरा पुरवायचा. भगवानराव डोळे पुसत हसत होते, त्यांची बायको सारिकाला जवळ बसवून घेत होती. चहा संपायच्या आत लग्न ठरलं.

निघताना मी भगवानरावांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. एवढं सगळं आपण जमवून आणलं, या समाधानात म्हणालो, "लग्नात दोन्ही घरांच्या वतीनं चार शब्द बोलायची माझी तयारी आहे."

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सर, तुमी पोटभर जेवा. पन बोलू नका. आमी तिघं भाऊ हाय, अन् सध्या बरं चाललंय."