गणिताच्या मास्तरचा पाट

सिंगापुरात चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये सुनेत्राताईंनी सव्वीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. नात गार्गी मात्र शाळेत सांगायची, "माय आजी जस्ट स्टे होम, ला." मराठी मंडळातही ताईंच्या वाट्याला श्रीखंडाची पातेली यायची, स्टेज कधीच नाही. या वर्षी त्यांनी स्वतःहून व्याख्यानाचा विषय दिला: हजार वर्षांपूर्वीचा पोप, सिल्व्हेस्टर दुसरा. अध्यक्ष निहार चक्रावला. आपल्या मंडळात पोप कशाला?

"कारण तो गणिताचा मास्तर होता," ताई म्हणाल्या.

होताच. साध्या घरातला पोरगा मठात शिकला, स्पेनच्या बाजूला जाऊन अरबांमार्फत तिथे पोचलेले आपल्याकडचे अंक शिकून आला. आखलेल्या पाटावर सोंगट्या सरकवून असे भराभर गुणाकार करायचा, की लोक म्हणत, याला सैतान वश आहे. पुढे सम्राटाचा गुरू झाला आणि ९९९ साली थेट पोप. ताईंना त्याचा कोण अभिमान! जणू त्यांचाच विद्यार्थी बोर्डात आला होता.

त्यांनी तसाच पाट आखला आणि कॅरमच्या जुन्या सोंगट्यांवर एक ते नऊ अंक रंगवले. शून्याचीही हवी, सोनेरी, असा निहारने हट्ट धरला; शून्य आपलं, लोक खूश होतील. ताईंना नाही म्हणवलं नाही. आयुष्यातलं पहिलं व्याख्यान हातचं गेलं असतं.

त्या दिवशी निहारने प्रस्तावनेत ठोकून दिलं, की या पोपने आपलं शून्य युरोपात नेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गार्गी पहिल्याच रांगेत होती. गप्प राहिल्या असत्या, तर ताईंचा कार्यक्रम तिथेच गाजला असता. पण मुलांच्या गणितातली चुकलेली पायरी त्यांनी कधी सोडली नव्हती.

"शून्य त्याने नेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या पाटावर शून्याची सोंगटी नव्हती. ही मी रंगवली, चूक माझी."

ताईंनी सोनेरी सोंगटी उचलून बाजूला ठेवली आणि तीन नऊ मांडले: तो पोप झाला ते साल. मग त्याच्या मृत्यूचं, १००३. एक, मग दोन घरं रिकामी, मग तीन.

"शून्य तिथे रुजायचं होतं अजून. पण बघा, आपल्या नऊ अंकांनी त्याची जागा धरून ठेवली होती."

पहिली टाळी निहारनेच वाजवली. ताईंचे डोळे भरून आले.

परतताना एमआरटीच्या मेट्रोत शेजारच्या बाई गार्गीच्या हातातल्या सोनेरी सोंगटीकडे बघत होत्या. गार्गी ताठ बसून त्यांना म्हणाली, "माय आजी इज मॅथ्स टीचर. लाइक द पोप, ला."