केबिनमधली मेथी

"तुमचं चालू द्या की, सायेब. मी हाय हितं." एवढं बोलून आमच्या ऑफिसातल्या शिपाईबाई साहेबांच्या केबिनमध्ये स्टूल टेकवायच्या आणि मांडीवर ताट घेऊन मेथी निवडायला लागायच्या.

मुलांनो, तुमच्या तिकडच्या ऑफिसांना काचेच्या भिंती असतात म्हणे. नव्वदच्या दशकातल्या आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात केबिनला जाड लाकडी दार होतं. मी तिथे हेडक्लार्क. 'ऑफिसात भाजी निवडू नये' ही पाटी मीच लावलेली. मावशींनी, आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणत असू, ती अक्षर अक्षर लावून वाचली. "झ्याक लिवलंय, बाई," म्हणाल्या आणि तिच्याखालीच घेवडा मोडत बसल्या.

नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्या शिपाई म्हणून लागल्या होत्या. पुरुष शिपाई फायली घेऊन गावभर हिंडत. मावशींच्या वाट्याला झाडू आणि चहा.

एका वर्षी नेसरीची एक मुलगी टायपिस्ट म्हणून आली. नोकरी तात्पुरती, कायम होणं साहेबांच्या शेऱ्यावर. साहेबांना तिला पत्रं सांगायला फार वेळ लागू लागला. एक दिवस ती पत्र अर्धवट टाकून बाहेर आली. साहेब खुर्ची जवळ ओढतात, हात धरतात, एवढं कसंबसं बोलली. नोकरी सोडते म्हणाली. मी तिला पाणी दिलं आणि नियमांचं पुस्तक उघडलं. मावशींनी स्टूल उचललं.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "मावशी, बाहेर बसा."

"भाईर बाईंची पाटी हाय न्हवं. हितं कुटं हाय?"

मग महिनाभर बेल वाजली की पुढे टायपिस्ट, मागून ताट. शेवटी साहेबांनी मला मेमो काढायला लावला: केबिनमध्ये भाजी निवडल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. मी मेमो काढला. खुलासाही मीच लिहून दिला, मावशी सांगतील तसा. त्यांना सगळं भाज्यांवरून पाठ होतं.

"मेथी हुती तवा सायबांनी दार लावलं. घेवडा हुता तवा खुर्ची पुढं घेतली. शेंगा हुत्या तवा पोरीचा हात धराय गेलं, मी ताटच पाडलं."

मी प्रत्येक भाजीपुढे तारीख घातली. मावशींनी खाली सावकाश सही केली. मेमो आणि खुलासा दोन्ही नियमाप्रमाणे वरच्या ऑफिसला जातील, असं मी साहेबांना अदबीने सांगितलं. त्यांनी खुलासा दोनदा वाचला आणि मेमो परत मागून घेतला. खुलासा मी कपाटात कुलपात ठेवला. मुलीला शेरा चांगला मिळाला, ती कायम झाली.

पुढे मावशी निवृत्त होऊन कोडोलीला लेकीकडे गेल्या. साहेब होते तिथेच होते. चार दिवसांनी बेल वाजली. टायपिस्टने रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी पिशवीतून मेथीची जुडी काढली. बाहेरची पाटी माझीच, ती मोडणं बरं दिसलं नसतं. म्हणून स्टूल उचललं आणि आत जाऊन बसले.