साठ ठिपके, एक रेघ

कळंबोलीतल्या एका लोखंडाच्या शेडला मी 'क्रेन बसवायला हरकत नाही' असं लिहून दिलं आणि ते चूक होतं. सही माझीच, ठसठशीत.

वारा, छताचं वजन, क्रेनला टांगलेला माल, गंजून उरलेली खांबाची जाडी अशा वीस गोष्टी कमीजास्त करून संगणकावर साठ वेळा गणित चालवायचं होतं. नेरूळच्या ऑफिसातल्या आमच्या मॅडम, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, म्हणाल्या, "साधे रँडम आकडे घ्या ना, काका." मी ऐकतो कसला! रँडम आकडे एकीकडे गर्दी करतात, दुसरीकडे ओसाड ठेवतात. मी घेतले समान पसरणारे. रिकाम्या बसमध्ये चढणारा जो तो आधीच्यांपासून लांबची सीट धरतो ना, तसे. पहिल्या दोन गोष्टींचा आलेख काढला, रांगोळीचे ठिपके जणू! उरलेल्या अठरांचा बघायचा कंटाळा केला.

शेडचे मालक पनवेलकडचे, तीन पिढ्या लोखंडात. त्यांचा फोन आला. "साहेब, सोमवारी क्रेन येतेय. खाली माझी मान्सं असतात. माल फुल आणि खांब गंजलेला, असं किती वेळा धरलंत तुमी?"

"आलंच असेल की साठात," म्हणत मी फाइल उघडली. एकदाही नव्हतं. या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला वेगळी मूळ संख्या लागते. यादीत माल एकोणिसावा, त्याला एकोणिसावी मूळ संख्या, सदुसष्ट. खांब विसावा, त्याला एकाहत्तर. साठाहून मोठ्या अशा संख्यांचे पहिले साठ आकडे हातात हात घालून चढतात. माल वाढला की खांबही जाड! सगळे ठिपके एका रेघेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे.

"आता तरी साधे घ्या," मॅडम म्हणाल्या.

"नाही घेणार."

माझ्या आळसाची शिक्षा पद्धतीला का? प्रत्येक गोष्टीचे अंक पत्त्यांसारखे पिसले, पुन्हा गणित चालवलं. चार ठिपके नेमके माल फुल, खांब गंजलेला या कोपऱ्यात पडले. चारही वेळा खांब वाकला.

शनिवारी स्वतः कळंबोलीला जाऊन सही मागे घेतली. वर ताठ मानेनं नवा आलेख मालकांपुढे धरला. "बघा, कसे पसरलेत!"

त्यांनी तो बघितलाच नाही. दंडाला धरून मला खांबापाशी नेलं आणि नखानं गंजाचा पोपडा काढला.

"हे रस्त्यावरून दिसतं, साहेब. साठ वेळा गणित केलंत, एकदा येऊन बघायला काय झालं होतं?"