हयात लिहिणारे चाचा

चाचा एखाद्याच्या नावापुढं ‘हयात’ लिहायचे, ते त्या माणसाच्या हातचं पाणी प्यायल्यानंतरच. शेजाऱ्यानं सांगितलं, पाटलानं सांगितलं, देवळातल्या गुरवानं शपथ घेतली, तरी नाही. आणि ते दिवस दुष्काळाचे, असे, की तांब्याभर पाणी मागणं म्हणजे घरातल्याला पेचात टाकणं. म्हणून चाचा लातूरहून पाच लिटरचा डबा भरून न्यायचे, आधी तो घरात द्यायचे आणि मग त्यातलंच पाणी मागायचे. एस.टी.त तो डबा मांडीवर घेऊन बसण्याचं काम माझं. झाकण ढिलं असे. माझी पँट ओली पाहून अख्खी गाडी माझ्याकडं बघून हसे आणि चाचा खिडकीबाहेर बघत.

आमचं कार्यालय म्हणजे दोन खोल्या आणि पत्र्याच्या सहा पेट्या. भागात कॅन्सर कुणाला झाला, कुठं उपचार घेतला, पुढं काय झालं, याचं दर माणशी एक कार्ड. मी संख्याशास्त्राचा ताजा पदवीधर. चाचा उर्दू शाळेत सातवी शिकलेले, निजामाच्या काळातल्या कारकुनाचे चिरंजीव. ते मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणत. शिवी द्यायची झाली की ‘ग्रॅज्युएटसाहेब’.

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या अर्ध्या गावांचे कागद जुन्या जिल्ह्यात, अर्ध्यांचे कुठंच नाहीत. मी म्हटलं, नव्या हद्दीपुरतंच मोजू, सुटसुटीत होईल. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. “हद्द बदलली, हे रोगाला कुणी कळवलं का?” मग त्यांनी नांदेड, सोलापूर, हैदराबाद, जिथं म्हणून आपला माणूस बाड घेऊन पोचत असेल तिथल्या दवाखान्यांच्या नोंदवह्या पालथ्या घातल्या. एकेक नाव हातानं उतरवून आणलं. कुठली बाई कुठून कुठं गेली, हे त्यांना कार्ड न बघता सांगता यायचं. मी आधी हसलो, नंतर घाबरलो. इतकी माणसं एका डोक्यात मावतात कशी?

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी एका तालुक्यातली कार्डं एकदम कमी झाली. मी आलेख काढला, रंगीत पेन्सिलीनं, आणि ‘रोगास उतार’ असं मथळ्यात घालून भिंतीवर लावला. चाचा त्यापुढं येऊन उभे राहिले. “लकीर बढिया काढली, ग्रॅज्युएटसाहेब. रोग कमी नाही झाला बाबा, दवाखान्यात येणं कमी झालंय. दुष्काळी कामावर खडी फोडायचं सोडून कोन येतंय?” आलेख मी उतरवला. खिळा मात्र तिथंच राहिला. चाचा त्यावर टोपी अडकवायला लागले.

चाचांच्या कार्डावर छापील रकान्यांखेरीज पेन्सिलीनं आखलेला एक रकाना असे: माहेर. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. तीच बाई माहेरी गोदावरी, सासरी शांता. माहेरच्या वाटेवर दाखवलं तर एक कार्ड, सासरहून दाखवलं तर दुसरं. बाई एक, रुग्ण दोन. हे चाचांनी मला शिकवलं आणि मी ते फारच मनापासून शिकलो.

ते लेकीच्या लग्नासाठी रजेवर होते. माझ्यापुढं दोन कार्डं आली. नांदेडहून गोदावरी, कंधारकडच्या एका गावची. लातूरहून शांताबाई, निलंग्याकडं दिलेली. माहेर तेच कंधारकडचं गाव, बापाचं नावही तेच. दोघींना छातीत गाठ. मी मांडीवर थाप मारली. सापडली! फक्त एका कार्डावर गाठ उजवीकडं, दुसऱ्यावर डावीकडं. नांदेडच्या कारकुनाची चूक, असं मी ठरवलं, ‘उजवा’ रबरानं खोडून ‘डावा’ लिहिलं, दोन्ही कार्डं टाचली आणि दवाखान्याच्या वतीनं शस्त्रक्रियेच्या बोलावण्याचं पोस्टकार्ड एकच धाडलं. शांताबाईंना.

तीन महिन्यांनी चाचांच्या हातात ते टाचलेलं कार्ड आलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडं धरलं. खोडलेलं ‘उजवा’ कागदात उमटलेलं होतं.

“हे कुणी खोडलं?”

“मीच. चूक होती.”

“बाईला विचारलं?”

चाचांनी माझ्या टेबलावरचं खोडरबर उचलून खिशात टाकलं. “डबा भर.”

निलंग्याला उतरून पुढं दोन कोस चाललो. वाड्याच्या दारात शांताबाई बसलेल्या, ऑपरेशन होऊन आलेल्या. आतून दुसरी बाई आली. शांताबाईंची सख्खी बहीण; दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. तिचं नाव सासरीही गोदावरीच राहिलं होतं; नांदेडला दाखवलं होतं ते माहेरी गेली तेव्हा.

“तुमाला बोलावणं न्हाई आलं?” चाचांनी विचारलं.

“अक्काला आलं, मला न्हाई,” ती म्हणाली. “म्या म्हनलं, सरकारनं बघितलं आसंल. माजं हलकं आसंल.”

चाचांनी तिच्या हातचं पाणी मागितलं. तिनं तांब्या डाव्या हातानं उचलला. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता. चाचा प्यायले, उठले आणि म्हणाले, “चल बेटी, आत्ताच्या गाडीनं.” आठ दिवस ते दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले. मला शिक्षा एकच: रबर परत मिळालं नाही.

शांताबाई दोन पावसाळ्यांनी गेल्या. गोदावरीबाई राहिल्या. उशीर झालेली राहिली, वेळेवर गेलेली गेली. हे कसं, मी चाचांना विचारलं. “ते वरच्या दफ्तरात,” ते म्हणाले. “आपलं काम, दोघींचं वेगळं कार्ड.” दर वर्षी ज्वारी निघाली की चाचा निलंग्याला जायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात ‘हयात’ लिहून यायचे.

चाचा हृदयविकारानं गेले. त्यांचा रोग आमच्यातला नव्हता, म्हणून सहा पेट्यांत त्यांचं कार्ड नाही. त्या वर्षी डबा घेऊन मी एकटाच गेलो. पाऊस बरा झाला होता, डब्याची गरज नव्हती; पण रिकाम्या मांडीनं गाडीत बसवेना.

गोदावरीबाईंनी माझ्या मागं पाहिलं. “चाचा?”

मी सांगितलं. त्या उठल्या, उजव्या हातानं वरच्या फळीवरचा तांब्या काढला, भरून दिला.

“मला लिवलं का?”

“लिहितो. हयात.”

“आन् त्यांला?”

“त्यांचं कार्ड नाही, बाई.”

“मंग माज्याच कार्डाच्या मागं लिवा,” त्या म्हणाल्या. “दर साली येत हुते म्हनून लिवा. म्या बघितलंय.”

न विचारता कार्डावर काही लिहायचं नाही, हा चाचांचा नियम. इथं तर बाईनं आपणहून सांगितलं होतं. मी पेन्सिल खिशात ठेवली आणि शाईनं लिहिलं.